मोरोपंतांची मधली वर्षं

झाशीच्या लक्ष्मी तलावाकाठी गंगाधरराव नेवाळकरांची छत्री आहे. २१ नोव्हेंबर १८५३ ला ते गेले, आणि त्यांच्या तरुण विधवेनं, राणी लक्ष्मीबाईनं, ती बांधवून घेतली. किल्ला पाहून, राणीमहालातली भित्तिचित्रं पाहून थोडा वेळ उरला तर माणसं इथं येतात. बायकोनं नवऱ्यासाठी उभारलेलं हे दगडी स्मारक पाहिलं की उलट बाजूचा प्रश्न मनात येतो. याच गावात, त्याच राणीच्या वाड्यात, बायको गमावलेला एक माणूस राहत होता. तिचा बाप. त्यानं आपल्या भागीरथीसाठी काय उभारलं?

दगडाचं काहीच नाही. लक्ष्मीबाईच्या कुठल्याही चरित्रात मोरोपंत तांबे एका वाक्यात विधुर होतात आणि पुढच्याच वाक्यात मुलीचा हात धरून ब्रह्मावर्ताला पोचतात. मनू, म्हणजे पुढची लक्ष्मीबाई, तीन-चार वर्षांची असताना आई वारली, असं लिहून लेखक घाईनं घोड्यांकडे आणि तलवारींकडे वळतो. त्या घोड्यांपर्यंत पोचण्याआधीच्या रात्रींबद्दल कुणी लिहीत नाही. परमुलखात, दुसऱ्याच्या आश्रयाला असलेला एक कऱ्हाडा ब्राह्मण. पदरी आईवेगळी पोर. तिची वेणी कोण घालत होतं? ताप आला तर उशाशी कोण बसत होतं? इतिहासाला हे प्रश्न पडत नाहीत. ललित लेखनाला ते पडलेच पाहिजेत.

मोरोपंत मुळात काशीला होते, दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजी आप्पा यांच्या पदरी. मनूचा जन्म तिथलाच, म्हणून तर नाव मणिकर्णिका. चिमाजी आप्पा गेले आणि मोरोपंत बिठूरला बाजीरावांच्या आश्रयाला आले. ब्रह्मावर्त म्हणजे त्या काळी गंगेकाठी वसलेलं छोटं पुणंच. गादी गेलेला पेशवा, त्याचे कारकून, भिक्षुक, आचारी, आणि आपण परत कधी जाणार हा कुणीच मोठ्यानं न विचारलेला प्रश्न. आपलं काहीतरी कायमचं गेलं आहे आणि तरी उद्या सकाळी उठून स्नानसंध्या करायची आहे, हे त्या वस्तीत प्रत्येकालाच माहीत होतं. दुःखी माणसाला राहायला इतकी समजूतदार जागा क्वचितच मिळाली असती.

त्या वाड्यात मनू बापाबरोबर पुरुषमंडळींत वावरली. बाजीराव तिला कौतुकानं छबिली म्हणत. नानासाहेबांनी तिला हत्तीवर घेतलं नाही आणि तिनं हट्ट धरला, ही आख्यायिका मराठी घरांत सगळ्यांना पाठ आहे. तुझ्या नशिबी हत्ती कुठला, असं बाप म्हणतो आणि माझ्या नशिबी दहा हत्ती आहेत, असं पोर सुनावते. गोष्ट सांगणारे नेहमी पोरीच्या बाजूनं सांगतात. ती बापाच्या बाजूनं ऐकून पाहावी. दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या हत्तीखाली उभा असलेला हा माणूस. लेकीची समजूत काढायला घरात दुसरं कुणी नाही, आणि समजूत काढण्याची रीत त्याला कुणी शिकवलेली नाही. आई असती तर तिनं पोरीला आत नेलं असतं, हातावर गुळाचा खडा ठेवला असता. बापाला सुचलं ते नशिबाचं बोलणं. आख्यायिका खरी असो वा रचलेली, तिच्यातला बाप अगदी खरा वाटतो.

खरं तर त्या काळात विधुराला एकटं राहू देण्याची पद्धतच नव्हती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सांगितलं आहे की आधी मेलेल्या पत्नीला तिच्याच घरच्या अग्नीनं दहन द्यावं, आणि मग पुरुषानं पुन्हा लग्न करून पुन्हा अग्नी ठेवावा. एकाच श्वासात दोन्ही. शोकासाठी मधे दोन ओळींची जागासुद्धा नाही. घरातली वडील मंडळी तेराव्यानंतर पत्रिका काढून बसत. पुरुषाचं रडणं लवकर आवरतं घ्यायला नवी बायको आणायची, अशी ही व्यवस्था. तिच्यात त्या पुरुषावर होणाऱ्या अन्यायाबद्दल फार कमी बोललं गेलं आहे. आठ-दहा वर्षांच्या नव्या नवरीवर होणारा अन्याय तर त्याहून मोठा.

आणि तरी, परंपरागत वृत्तांत सांगतो त्याप्रमाणे, मोरोपंतांनी मुलीचं लग्न होईपर्यंत दुसरा संसार मांडला नाही. रूढी पाठीमागे उभी असताना ते थांबले. लक्ष्मीबाई जी घडली ती या थांबण्यात घडली, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. सावत्र आईच्या हाताखाली, माजघरात, भातुकलीत ती वाढली असती तर बिठूरच्या आखाड्यापर्यंत कदाचित पोचलीच नसती.

१८४२ साली तात्या दीक्षितांच्या मध्यस्थीनं झाशीचं स्थळ जमलं. या लग्नाची एक बाजू सहसा नजरेतून सुटते: मांडवात दोन विधुर होते. नवरदेव गंगाधररावांची पहिली पत्नी रमाबाई वारलेली, आणि वधूपित्याची भागीरथीबाई. गावातल्या गणेश मंदिरात लग्नाचे विधी झाले, मणिकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली, एका विधुराचं रिकामं घर भरलं आणि त्याच मुहूर्तावर दुसऱ्याचं रिकामं झालं. गंगाधररावांना नाटकाचं विलक्षण वेड. त्यांनी नाटकमंडळी पदरी ठेवली, हस्तलिखितांचा मोठा संग्रह जमवला. शोकातून बाहेर यायला रंगभूमीचा रस्ता धरणारा राजा मनाला आवडून जातो, त्याच्या लहरीपणाच्या कितीही कथा सांगितल्या गेल्या तरी.

मोरोपंतही मुलीमागोमाग झाशीत आले, आणि तिथं त्यांनी दुसरं लग्न केलं. गुरसराईच्या वासुदेव शिवराव खानवलकरांची मुलगी. सासरचं नाव चिमाबाई. गुरसराई झाशीपासून फार दूर नाही, खेरांची मराठी जहागीर होती ती. राणीची ही सावत्र आई वयानं जवळजवळ तिच्याच बरोबरीची. पुढं त्यांना मुलगा झाला, चिंतामणी.

मग १८५३ आलं आणि त्या कुटुंबात एक फार विचित्र गोष्ट घडली. बाप पुन्हा संसारी झालेला, आणि लेक विधवा. बापाला शास्त्रानं दुसरा दरवाजा उघडून दिला होता. लेकीसाठी तेच शास्त्र न्हाव्याला बोलावत होतं. काशीला जाऊन केशवपन करावं अशी राणीची इच्छा होती, ते घडलं नाही, आणि त्याबद्दल ती नित्य प्रायश्चित्त घेत असे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ मध्ये झाशीत होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये वाड्यातल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाचं वर्णन आहे. विधवा राणीच्या घरचं हळदीकुंकू, आणि मार्च संपत असताना वेशीबाहेर इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या तोफा. त्या वाड्यात सवाशिणींच्या पंक्तीत चिमाबाई कुठं उभी राहत असेल, मोरोपंत लेकीच्या मोकळ्या कपाळाकडे कसे पाहत असतील, याचा विचार करताना जीव थांबतो.

४ एप्रिलच्या रात्री राणीनं किल्ला सोडला. मोरोपंत पायाला जखम घेऊन दतियापर्यंत पोचले, तिथं पकडले गेले, आणि झाशीच्या जोखनबागेत त्यांना फाशी दिली गेली. आदल्या जूनमध्ये याच बागेत इंग्रज स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल झाली होती. सूडाला जागेची आठवण पक्की असते. चिमाबाई विधवा झाली.

त्याच एप्रिल महिन्यात, १८ तारखेला, तिकडे कोकणात खेड तालुक्यातल्या शेरवलीला आजोळी एका मुलाचा जन्म झाला. धोंडो केशव कर्वे. झाशीहून शेरवलीला जायला कुठलाही रस्ता नाही, पण विधुराचा विचार करू लागलं की मराठी मन मुरूडच्या या माणसाशी येऊन थांबतंच, आणि थांबावं.

कर्व्यांचं पहिलं लग्न लहानपणीच झालेलं. राधाबाईंबरोबरचा मुंबईतला संसार म्हणजे शिकवण्यांमागून शिकवण्या, गणिताचे तास, तुटपुंजी मिळकत आणि तिच्यातूनही गावासाठी बाजूला काढलेले पैसे. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी त्याच बिऱ्हाडात राहत. नरहरपंतांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेली, डोकं भादरलेलं, सासरी राबणारी. ती भावाकडं मुंबईला आली आणि पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला शारदा सदन उघडलं तेव्हा तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी झाली.

१८९१ साली राधाबाई गेल्या. कर्वे तेहतीस वर्षांचे, मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या आग्रहावरून ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. नवं गाव, नवी नोकरी, आईविना पोर. घरून नव्या लग्नाची बोलणी सुरू झालीच. तेहतीस वर्षांच्या प्राध्यापकाला मुलींची काय वाण? मुली म्हणजे दहा-बारा वर्षांच्या, रघुनाथाच्या खेळगड्या शोभतील अशा. या टप्प्यावर कर्व्यांनी जे केलं त्यात त्यांच्या शोकाची सगळी प्रतिष्ठा दिसते. त्यांनी घरच्यांना सांगितलं की लग्न केलं तर विधवेशीच करीन. स्वतः होरपळलेल्या माणसानं होरपळलेलं माणूसच सोबतीला मागितलं. दया म्हणून मुळीच नव्हे. ज्या वाटेनं आपल्याला बाहेर पडायची मुभा आहे ती वाट तिलाही मोकळी असली पाहिजे, हा गणिती माणसाचा सरळ हिशेब होता.

११ मार्च १८९३ ला पुण्यात त्यांचं लग्न झालं. गोदूबाई लग्नानंतर आनंदीबाई, पुढं सगळ्यांची बाया. मुरूडनं बहिष्कार घातला. त्यांच्याबरोबर राहिलात तर तुम्हीही वाळीत, असं घरच्यांना बजावण्यात आलं. आपल्याच आईच्या घरात पाहुण्यासारखं बसायचं, हे त्या काळातल्या माणसाला पहिल्या बायकोच्या मरणाइतकंच जिव्हारी लागणारं. कर्वे कुणावर ओरडले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं, हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधली, आणि फर्ग्युसन ते हिंगणे ही वाट वर्षानुवर्षं पायांनी तुडवली. आनंदीबाईंची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले त्याच आश्रमात घडली आणि वर्गणी गोळा करत थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आली. रघुनाथानं मोठेपणी ‘समाजस्वास्थ्य’ काढून संततिनियमनाचा प्रचार केला आणि त्यापायी खटले अंगावर घेतले. आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’ लिहिलं. एका विधुराच्या एका नकारातून किती माणसं उभी राहिली, ते मोजायला बसलं की बोटं पुरत नाहीत.

या सगळ्याच्या अठरा-वीस वर्षं आधी न्यायमूर्ती रानड्यांपुढं हाच प्रसंग उभा राहिला होता. ऑक्टोबर १८७३ मध्ये पत्नी सखूबाई गेल्या, आणि डिसेंबरात वडिलांच्या इच्छेपुढं मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. विधवाविवाहाचा हिरिरीनं पुरस्कार करणारे रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. लोक त्यांना आजही बोल लावतात. पण आपल्या वडिलांशी भांडायचं बळ ज्या दिवसांत अंगात नसतं, नेमक्या त्याच दिवसांत घरच्यांनी गाठलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहिलं तर बोल लावणं जड जातं. रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचताना या लादलेल्या लग्नातून दोघांनी मिळून काय उभं केलं ते दिसतं, आणि रानड्यांविषयीचा आदर वाढतो.

चिमाबाईंनी मात्र आठवणी लिहिल्या नाहीत. लिहायला त्यांना कदाचित कुणी शिकवलंच नसेल, विचारायलाही फारसं कुणी आलं नसेल. सावत्र आई म्हटली की आपल्या कहाण्यांत छळच येतो. राणीच्या माहेराची कहाणी याला अपवाद आहे आणि तो आवर्जून सांगायला हवा. एकोणीसशे पन्नासच्या दशकात बंगालीतली तरुण लेखिका महाश्वेतादेवी राणीच्या शोधात घराबाहेर पडल्या. झाशी, ग्वाल्हेर करत त्या बुंदेलखंडात फिरल्या, लोकांची गाणी ऐकली, इंदूरला राणीच्या दत्तक मुलाच्या घराण्यातल्या माणसांना भेटल्या. त्यांच्या १९५६ च्या ‘झाँसीर रानी’साठी मदत करणाऱ्यांत गोविंद चिंतामणी तांबे होते. राणीचे भाचे, म्हणजे मोरोपंतांच्या त्या दुसऱ्या संसाराचा वंश. भागीरथीबाईंची एकुलती एक लेक ग्वाल्हेरजवळ रणात पडली, आणि तिच्या माहेरची हकिकत शंभर वर्षांनी जो सांगायला उरला तो चिमाबाईंचा नातू होता.