आठ गोळ्यांची तफावत

बायपासनंतर रुग्णालयातून घरी आलो, तेव्हा अवघड भाग संपला असे मला वाटले होते. अडुसष्टाव्या वर्षी तो खरे तर घरीच सुरू होतो. शस्त्रक्रियेत कापलेले छातीचे हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर जड वस्तू उचलायची नाही, खोकताना उशी छातीशी धरायची. ज्या पायातील शीर काढली, तो सायंकाळी सुजतो. हे सारे कागदावर लिहून मिळाले होते. उदासी मात्र न सांगता आली. कोलशेतच्या आमच्या सज्जातून खाडी दिसते. तिकडे पाहत बसलो की अकारण डोळे भरून येत. या शस्त्रक्रियेनंतर अनेकांचे असे होते, हे मला ठाऊक नव्हते. त्यामुळे मी सौ.लाही काही बोललो नाही.

मुलगा डॉ. मनमोहन सिंग यांचा दाखला देई. २४ जानेवारी २००९ रोजी, वयाच्या ७६व्या वर्षी त्यांची दुसरी बायपास झाली आणि २२ मे रोजी त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली. दाखला खरा, पण मला तर दाराबाहेरच्या उद्वाहनापर्यंत चालतानाही धाप लागत होती!

आणखी एक गोष्ट मी लपवली होती. वडिलांपासून चालत आलेला चौविहार मोडू नये म्हणून रात्रीची गोळी मुकाट्याने टाळत होतो. ती होती नाडीची गती आवरणारी, दिवसातून दोनदा घ्यायची. नवव्या दिवशी धडधड सुरू झाली, ती थांबेना. सूनबाईने औषधाच्या पट्ट्या मोजल्या. आठ गोळ्या शिल्लक! आयुष्यभर बँकेत इतरांच्या रोकडीचा ताळा जुळवला. माझी तफावत तिने दोन मिनिटांत पकडली. ती रागावली नाही. “बाबा, विचारायचं तरी होतं,” एवढेच म्हणाली. ते अधिक लागले.

डॉक्टरही तेच म्हणाले. ती गोळी अशी अचानक, मनाने बंद करणे धोक्याचे होते. माझ्या बाबतीत दुसरा डोस सूर्यास्तापूर्वी घेता येण्यासारखा होता. त्यांनी पाच मिनिटांत नवे वेळापत्रक लिहून दिले. धीर करून उदासीचेही सांगितले. त्यावरही उपाय निघाला.

आता रोज अर्धा तास चालतो. पर्युषणात उपवास की एकासणे, हे पुढील तपासणीत विचारायचे आहे. सूनबाई सोबत येणार आहे; प्रश्नांची यादीही तिच्याचकडे आहे.