विनातारण

2025 च्या सप्टेंबर महिन्यात काठमांडूतील संसद भवन आणि सिंहदरबार पेटल्याची दृश्ये दूरचित्रवाणीवर पाहत असताना घरातील लहानथोर सारे स्तब्ध झाले होते. नातवाने विचारले, "आजोबा, तुम्ही नेपाळला गेला होता तेव्हाही असेच होते का?" मी कपाटातून 2006 सालची दैनंदिनी काढली. तिच्या पानांत घडी करून ठेवलेली एक पावती अजून शाबूत आहे. त्या पावतीची, आणि जिची पावती माझ्यापाशी नाही अशा एका व्यवहाराची ही हकिकत.

त्या वेळी माझे वय सेहेचाळीस होते. सह्याद्रीतील किल्ले पालथे घालण्याचा छंद महाविद्यालयापासूनचा. हिमालयात मात्र पाऊल पडले नव्हते. बँकेतून तीन आठवड्यांची रजा मिळवून, पाठीवर सॅक टाकून मी एकटाच अन्नपूर्णा पर्वताची परिक्रमा करण्यास निघालो. घरच्यांचा विरोध होता आणि तो अकारण नव्हता. 1996 च्या फेब्रुवारीपासून नेपाळात माओवाद्यांचे सशस्त्र युद्ध चालू होते. 1 फेब्रुवारी 2005 रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी सरकार बरखास्त करून सर्व सत्ता आपल्या हाती घेतली होती. संसद तर 2002 पासूनच विसर्जित होती. तरीही परदेशी गिर्यारोहकांना कोणी इजा करीत नाही, असे जाऊन आलेल्यांनी सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

गोरखपूरहून सोनौलीची सीमा ओलांडून मी पोखऱ्यास पोहोचलो. नेपाळ प्रवासासाठी आपल्याला परकीय चलन मिळत नाही आणि त्या काळी भारतीय 500 व 1000 च्या नोटा तिथे चालत नसत. त्यामुळे 100 च्या नोटांची पुडकीच बरोबर होती. 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर ठरलेला. सर्व रक्कम डोंगरात नेणे शहाणपणाचे नव्हे, म्हणून निम्मे पैसे आणि जादा कपडे पोखऱ्यातील लॉजच्या तिजोरीत ठेवले. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाची ही सावधगिरी पुढे माझ्याच अंगाशी आली.

बेसीशहरला एक भारवाहक ठरवला. गोरखा जिल्ह्यातील विशीतला मुलगा. रोज 400 नेपाळी रुपये, जोमसोमपर्यंतचे बारा दिवस आणि परतीचे दोन दिवस. जोमसोमहून मी विमानाने पोखऱ्यास उतरणार आणि तो बसने घरी जाणार, असा करार झाला. तो मला 'दाइ' म्हणजे दादा म्हणे. 4 एप्रिलला आम्ही चालू लागलो.

मर्स्यांगदी नदीच्या काठाने वाट चढत जाते. खाली भातखाचरे आणि केळी, मग पाइनची वने, आणि मनांगच्या पुढे झाड नाही अशी करडी, कोरडी भूमी. लमजुंग जिल्ह्यातील एका गावात एक तरुण आणि एक तरुणी आम्हांस सामोरे आले. "लाल सलाम," असे म्हणून त्यांनी पर्यटकांसाठीचे 'शुल्क' मागितले: दिवसाला 100 रुपये. अठरा दिवसांचे 1,800 झाले. मी थोडी घासाघीस करून पाहिली; ते दोघे हसले, पण दर कमी झाला नाही. पैसे मोजून घेतल्यावर मुलीने वहीतून पावती फाडली. अनुक्रमांक, तारीख, रक्कम अंकी आणि अक्षरी, सही, त्यांच्या 'जनसरकार'चा शिक्का. आमच्या शाखेतील कित्येक व्हाउचरे इतकी नीटनेटकी नसत. "पुढे कोणी मागितले तर ही दाखवा," ती म्हणाली. कमरेला पिस्तूल असलेल्या माणसांकडून मिळालेली माझ्या आयुष्यातील ती एकमेव पावती होय.

6 एप्रिलपासून सात राजकीय पक्षांच्या आघाडीने देशव्यापी बंद पुकारला. तो चार दिवसांचा होता, पण संपेचना. चामे, पिसांग, मनांग अशा मुक्कामांवर संध्याकाळी चुलीभोवती सारे रेडिओला कान लावून बसत. काठमांडूत संचारबंदी, पोखऱ्यातही गोळीबार, रस्त्यावर वाहन नाही. आमच्यासमोर मात्र अन्नपूर्णा आणि गंगापूर्णा यांची शिखरे मावळत्या उन्हात सोन्यासारखी उजळत असत. सूर्यास्तापूर्वी जेवण्याच्या माझ्या सवयीचे यजमानांना आरंभी नवल वाटे. मग तेही चूल लवकर पेटवीत. मनांगच्या वर बटाट्याखेरीज भाजी नाही, म्हणून डाळभात आणि घरून नेलेले मेतकूट यांवर भागवले.

14 एप्रिल. नेपाळी पंचांगाप्रमाणे विक्रम संवत 2063 चा पहिला दिवस. पहाटे चार वाजता विजेरीच्या उजेडात निघालो आणि साडेनऊच्या सुमारास 5,416 मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीत उभे राहिलो. श्वास चार पावलांवर अडत होता. प्रार्थनापताकांच्या फडफडाटाखेरीज काही ऐकू येत नव्हते. सोबत्याने माझ्या हातावर भाजलेले मके ठेवले आणि नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या. दुपारनंतर मुक्तिनाथला उतरलो. मंदिरामागील 108 जलधारांखाली हिंदू आणि बौद्ध यात्रेकरू एकाच रांगेत भिजत होते. त्याच दिवशी राजांनी नववर्षाच्या संदेशात पक्षांना संवादाचे आवाहन केल्याचे रेडिओने सांगितले. लॉजमध्ये कोणी काही बोलले नाही. एकाने रेडिओ बंद केला.

15 एप्रिलला काली गंडकीच्या रुंद, वाळूमय पात्रातून वाऱ्याशी झुंजत जोमसोम गाठले. दुपारी हा वारा इतका माजतो की विमाने फक्त सकाळीच उडतात. विमानतळासमोर अडकलेल्या परदेशी प्रवाशांची गर्दी होती. मला 17 तारखेची एक जागा मिळाली आणि मी तत्काळ तिकिटाचे पैसे भरले. माझी रजा 23 पर्यंत होती. पोखऱ्याहून सीमेपर्यंत काहीतरी सोय होईलच, अशी आशा होती.

संध्याकाळी एका ठकाली दिदीच्या लॉजमध्ये मी हिशोबास बसलो. आगाऊ दिलेले वजा जाता मुलाचे 2,800, परतीच्या दोन दिवसांचे 800, असे 3,600. लॉजचे बिल वेगळे. सारे चुकते केल्यावर माझ्यापाशी शेदीडशे रुपये उरत होते. हिशोब चोख जुळला होता. मी मुलापुढे नोटा ठेवल्या.

त्याने त्या मोजल्या नाहीत. खाली मान घालून म्हणाला, "गाडी छैन, दाइ." गाडी नाही. ते मलाही ठाऊक होते. परतीचे दोन दिवस हे बस चालू असल्याचे गृहीत धरून ठरले होते. बंदमध्ये गोरख्यापर्यंत त्याला आठ-नऊ दिवस चालावे लागणार होते. मी मनात म्हटले, करार कराराच्या जागी. आणखी 500 देण्याइतकेही माझ्यापाशी नव्हते. पण तो पैशांबद्दल बोलतच नव्हता. एकट्या फिरणाऱ्या तरुणाला वाटेत सैनिक अडवून माओवादी समजतात, आणि गावात माओवादी त्याला आपल्यात ओढू पाहतात, असे त्याने तुटक हिंदीत सांगितले. "पर्यटकाचे ओझे पाठीवर असले की कोणी विचारत नाही," एवढे बोलून तो गप्प झाला.

मी काय केले ते प्रामाणिकपणे लिहितो. मी त्याला म्हणालो, "सांभाळून जा," आणि दैनंदिनी मिटली.

चुलीपाशी भांडी लावीत असलेली दिदी सारे ऐकत होती. पंचावन्न-साठीची, कानांत जाड सोन्याची कुंडले, बोलणे मोजके. हात पुसत ती आली आणि मला म्हणाली, "भाइ, तुमच्यासाठी विमान आहे. या पोरासाठी काय आहे?" मला उत्तर सुचेना. तिकिटाचे पैसे पोखऱ्याच्या कचेरीखेरीज परत मिळणार नाहीत, माझे उरलेले पैसे पोखऱ्यातच आहेत, दोघांनी आठवडाभर चालत जाण्याइतकी रोकड जवळ नाही, असे मी स्पष्टीकरण देऊ लागलो. बोलता बोलता मलाच माझा आवाज काउंटरच्या आतून बोलणाऱ्या माणसासारखा वाटू लागला.

दिदी आत गेली आणि पाच हजार रुपये घेऊन आली. "वाट उघडेल, बंद संपेल. पोखऱ्यात माझ्या भावाचे दुकान आहे. त्याच्याकडे द्या."

मी गडबडून गेलो. पंचवीस वर्षे मी कर्जे दिली होती. अर्ज, जामीन, तारण, मिळकतीचा उतारा यांशिवाय पैही सुटू दिली नव्हती. मी मनगटावरील घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवले. तिने ते परत सरकवले. निदान माझा पत्ता लिहून घ्या, मी म्हणालो. ती हसली. "तुम्ही या पोराला खाली नेणार, हे मी पाहतेच आहे ना?"

त्या रात्री तिने मला 'ढिकुर'विषयी सांगितले. ठकाली समाज हा पूर्वापार व्यापारी. तिबेटचे मीठ आणि खालचे धान्य यांच्या उलाढालीवर त्यांची घरे उभी राहिली. काही जणांनी ठराविक रक्कम जमवायची आणि ती पाळीपाळीने एकेकाने उचलायची. आपल्याकडील भिशीच ती. कित्येक लॉज आणि दुकाने याच पैशांवर सुरू झाली. "कोणी बुडवले तर?" मी बँकेच्या सवयीने विचारले. "त्याला इथे राहायचे असते ना?" तिने उलट विचारले. पण मला तर तिथे राहायचे नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर तिने दिले नाही आणि मीही मागितले नाही.

17 तारखेला माझ्या जागी दुसरा कोणी विमानात बसला. आम्ही दोघे चालू लागलो. मार्फातील पांढऱ्याशुभ्र भिंती आणि सफरचंदाच्या बागा मागे पडल्या. एका बाजूस धवलगिरी आणि दुसऱ्या बाजूस अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरहून उंच, आणि त्यांच्या मधून काली गंडकीची खोल दरी. तातोपानीच्या ऊन पाण्याच्या झऱ्यात पाय शेकले. घोरेपानीच्या चढावर गुराँसची रक्तवर्णी फुले सडा घालून पडली होती. एका पडावावर पुन्हा माओवाद्यांनी अडवले. मी पावती दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि परत केली.

हमरस्त्याजवळ सैन्याची चौकी लागली. सैनिकाने माझ्याकडे पाहिलेच नाही. त्याची नजर मुलावर खिळली होती. कुठला, कोणाबरोबर, कधीपासून? मुलाच्या ओठांना कोरड पडलेली मला दिसत होती. मी पुढे झालो आणि म्हणालो, "माझ्याबरोबर आहे. बेसीशहरपासून." पारपत्र पाहून सैनिकाने आम्हांस सोडले. तोवर मला वाटे, तो माझे ओझे वाहतो आहे. ते ओझे हेच त्याचे ओळखपत्र होते. दमलेला पाहून मी वाटेत दोनदा सॅक माझ्याकडे मागितली होती आणि त्याने दोन्ही वेळा नकार दिला होता. त्याचा अर्थ त्या चौकीवर कळला.

नयापूलपासून पोखऱ्यापर्यंत बेचाळीस किलोमीटरचा डांबरी रस्ता निर्मनुष्य होता. नौडाँड्यास मुक्काम करून 23 ला सायंकाळी आम्ही शहरात शिरलो. 24 एप्रिलच्या रात्री उशिरा राजांनी विसर्जित संसद पुन्हा स्थापन केल्याची घोषणा केली. 25 च्या सकाळी पोखऱ्याचे रस्ते माणसांनी फुलून गेले. कपाळाला लाल अबीर, हातांत झेंडे. अनोळखी माणसांनी आमच्याही चेहऱ्यांना अबीर फासला. सोबती पहिल्यांदाच मोठ्याने हसताना दिसला. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला शांतता करार झाला आणि 28 मे 2008 रोजी नेपाळ प्रजासत्ताक झाला. त्या युद्धात तेरा हजारांहून अधिक माणसे गेली होती.

लॉजच्या तिजोरीतून पैसे घेऊन मुलाचे सर्व दिवसांचे वेतन चुकते केले. बस सुरू होताच तो टपावर चढला आणि गाडी वळेपर्यंत हात हलवीत राहिला. नंतर मी दिदीच्या भावाचे दुकान शोधून काढले. पाच हजार रुपये त्याच्यापुढे ठेवले. तो गोंधळला. "कसले पैसे? बहिणीचा दोनदा फोन आला होता. तुम्ही दोघे सुखरूप पोहोचलात का, एवढेच तिने विचारले." कर्जाविषयी ती त्याला एक शब्दही बोलली नव्हती. मी परस्पर सीमेकडे गेलो असतो तर ते पैसे मागण्यासाठी कोणीही आले नसते.

रजेपेक्षा आठ दिवस उशिरा शाखेत हजर झालो. त्याचा खुलासा लेखी द्यावा लागला. पुढे निवृत्तीपर्यंत मी नियमांनुसारच कर्जे मंजूर केली, कारण बँकेतील पैसा ठेवीदारांचा असतो आणि तो असाच राखावा लागतो. मात्र तारण नसलेला माणूस समोर आला की अर्ज बाजूला सारण्यापूर्वी त्याला खुर्ची देऊन त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याची सवय लागली. काहींसाठी मार्ग निघाला, काहींसाठी नाही.

नातवाने 1,800 रुपयांची ती पावती उलटसुलट करून पाहिली, शिक्का वाचला आणि विचारले, "आणि त्या आजींची पावती?"

तिच्या भावाने पैसे मोजून गल्ल्यात टाकले आणि माझ्यासाठी चहा मागवला. पावती त्याने दिली नाही, आणि मला मागण्याची आठवणही झाली नाही.