छोटे कान, इवले गव्हले

पास्ता म्हणजे कॅफेत बसून खायची डिश, हा समज आमच्या घरात चार आणि सात वर्षांच्या भाचा-भाचीने मोडीत काढलाय. संडेला ताई दोघांना आमच्याकडे सोडते. पूर्वी ते टॅबसमोर, आई सीरियलसमोर. आजी-नातवंडांना एकमेकांशी बोलायला विषयच नसायचा. म्हणून एकदा मी मधोमध परातच मांडली.

इटलीतल्या बारी शहराच्या जुन्या गल्ल्यांत बायका दारात बसून 'ओरेकिएत्ते' करतात. म्हणजे छोटे कान! त्यात अंडं नाही, मशीन नाही. आपणही करू शकतो. एक वाटी मैदा, एक वाटी बारीक रवा, लागेल तसं कोमट पाणी. घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा. पीठ मुरलं की ओढल्यावर आखडत नाही. बोटाएवढी वळी करून तुकडे कापा (सुरी तुमच्याच हातात!). अंगठ्याने दाबून ओढा, झाला कान. कच्चं पीठ तेवढं पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका. उकळत्या पाण्यात कान वर तरंगले की एक चाखून बघा.

"अगं, हे तर आपल्या गव्हल्यांसारखंच!" आई म्हणाली. लग्नघरी मुहूर्ताला वळतात तसे तांदळाएवढे गव्हले तिच्या चिमटीतून भराभर पडू लागले.

"आजी, हळू ना, मला दिसत नाहीये!"

आईने सीरियल बंद केली. कोणाच्या लग्नात किती गव्हले वळले, ते सांगत बसली.

पोरांचे कान वाकडेतिकडे होतात. होऊ देत. आजीच्या गोष्टी आता कानावर पडतायत ना!