बोलण्याला सबटायटल नसलेला माणूस

वेस्टर्न सिनेमाने जगाला एक सवय लावून ठेवली आहे. गाड्या जुंपून निघालेले गोरे म्हणजे माणसे आणि टेकडीवर दिसणारा इंडियन म्हणजे संकट! केली रायकार्ट यांच्या 'मीक्स कटऑफ' (२०१०) या कमी खर्चात केलेल्या चित्रपटातही सुरुवातीला तेच वाटते. साल १८४५. ऑरेगनच्या माळरानात तीन कुटुंबे वाट चुकली आहेत, पाणी संपत आले आहे. वाटाड्या मीक नुसता बढाईखोर. पुरुष बाजूला जाऊन निर्णय घेतात, बायका लांबून कानोसा घेतात. अशात तिथला एक मूळ रहिवासी त्यांच्या तावडीत सापडतो. मीकला त्याला मारायचे आहे. इतरांना त्याच्याकडून पाणी शोधून हवे आहे.

हा माणूस बोलतो, पण त्याच्या बोलण्याला सबटायटल नाहीत. त्याला नावही नाही.

एमिली त्याचा फाटका जोडा शिवून देते. का? तर त्याने आपले काही देणे लागावे म्हणून. आमच्या मित्रमंडळीत वाद झाला तो इथेच. काहींना ती माणुसकी वाटली. पुढे ती त्याच्यासाठी मीकवर बंदूक रोखते, ते धाडस आम्हीही मानतो. पण ज्याच्या भूमीवर आपण उभे आहोत, त्यालाच ऋणी करायचे? उपकारात देणाऱ्याचा हात वरच राहतो. हक्क मानायचा तर दोघांनाही एका पातळीवर उभे राहावे लागते.

आता पडद्याबाहेरचा हिशेब पाहा. १८५० च्या कायद्याने ऑरेगनमधल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर आणि जोडप्याला ६४० एकर जमीन फुकट दिली. तीही मूळ रहिवाशांशी करार पक्के होण्याआधीच! १८५७ मध्ये मंजूर झालेल्या ऑरेगनच्या घटनेत नव्याने येणाऱ्या काळ्या माणसाला राज्यात राहायलाच बंदी होती. ते कलम निघाले १९२६ साली. म्हणजे बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हाही त्याच देशातल्या एका राज्याच्या घटनेत ते छापलेले होते.

साथींनो, एमिली दुष्ट नाही. ती तहानलेली आहे, पुरुषांच्या निर्णयामागे फरफटते आहे. पण स्वतः सोसणारा माणूसही दुसऱ्याच्या जमिनीवर गाडी हाकू शकतो, हे या चित्रपटाने दाखवले. म्हणून कोणताही सिनेमा पाहताना आम्ही आधी हेच विचारतो : यात कुणाच्या बोलण्याला सबटायटल नाहीत?