घर जुनं, हवा नवी!

अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात एसी ही चैन नाही, गरज आहे. पण सत्तर-ऐंशी वर्षांच्या घरात ‘अख्ख्या घराचा एसी’ बसवायचा म्हणजे नुसतं मशीन आणून टांगणं नव्हे. आधी ते घर समजून घ्यावं लागतं...

फिनिक्स म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? निवडुंग, काऊबॉय... आणि मग आपली गाडी अडते. पण अॅरिझोना राज्याची ही राजधानी लोकसंख्येच्या हिशोबात अमेरिकेतलं पाचव्या नंबरचं शहर आहे आणि ते चक्क सोनोरन वाळवंटात वसलंय. १९५० साली इथे जेमतेम १ लाख ७ हजार माणसं राहायची. २०२०च्या जनगणनेत हा आकडा १६ लाखांच्या पुढे गेला. मधल्या ७० वर्षांत असं काय झालं? कारणं बरीच आहेत, पण एक कारण असं की ज्याच्याशिवाय बाकीची सगळी फोल ठरली असती. एसी!

हा इतिहास वाचायला म्युझियममध्येच जायला हवं असं नाही. डाउनटाउनच्या उत्तरेला ‘विलो’ नावाची जुनी वस्ती आहे, तिथे सकाळी सहाला एक चक्कर मारा. (सहालाच! नऊनंतर फिरायला जाणं म्हणजे तव्यावर उभं राहणं.) १९२०-३०-४०च्या दशकांतले टुमदार बंगले, पुढे व्हरांडा, ताडाची झाडं. एकदम सिनेमातली गल्ली! आता जरा मान वर करा. काही छपरांवर फ्रिजपेक्षा मोठा करड्या रंगाचा डबा बसलेला दिसेल. हा ‘पॅकेज युनिट’. कॉम्प्रेसर, पंखा, सगळा संसार एकाच डब्यात. आणि अधूनमधून एखाद्या छपरावर गंजलेला, जाळीदार, चौकोनी खोका दिसला तर समजा, आपला जुना दोस्त भेटला. कूलर!

ओली चादर ते डेझर्ट कूलर

एसीच्या आधी इथली माणसं उन्हाळ्यात झोपायची कुठे? घराबाहेर. ‘स्लीपिंग पोर्च’ म्हणजे जाळी लावलेला व्हरांडा हे त्या काळच्या घराचं महत्त्वाचं अंग. तिथे खाटा टाकायच्या, भोवती ओल्या चादरी टांगायच्या आणि वाऱ्याची वाट बघायची. विदर्भातल्या आजी-आजोबांना विचारा, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायची कथा ते अशीच सांगतील.

मग १९३०च्या दशकात याच शहरात कूलर बनू लागले. लाकडाच्या किसाच्या जाळ्या, त्यावर ठिबकणारं पाणी, मागे पंखा. फंडा सिंपल! कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. फक्त एक अट : ही हवा घरात शिरली की तिला बाहेर पडायला वाट हवी. म्हणून ही घरं बांधली गेली ती ‘श्वास घेणारी’. खिडक्या उघड्या, दारं उघडी, फटी माफ.

मी ज्या मित्राकडे उतरले होते तो मूळचा अकोल्याचा, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर. इथली बहुतेक मराठी मंडळी चँडलर-गिल्बर्टच्या नव्याकोऱ्या वसाहतींत राहतात. या पठ्ठ्याने मात्र हौसेने १९५२ सालचं घर घेतलं. बसकं, लांबट, सिमेंटच्या ब्लॉकच्या भिंतींचं, एकेरी काचेच्या लोखंडी खिडक्यांचं. त्याची आई अकोल्याहून आलेली. काकूंचा पहिलाच सवाल, ‘‘इतकी कोरडी हवा हाये, मंग कूलर काहून नाही लावत बापा?’’

काकूंचा प्रश्न बिनतोड आहे. पण उत्तर जुलैमध्ये मिळतं.

मान्सून, इथेही!

हो, अॅरिझोनातही मान्सून असतो आणि तिथले लोकही त्याला ‘मान्सून’च म्हणतात. १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा अधिकृत सीझन. दक्षिणेकडून बाष्प येतं, धुळीची वादळं उठतात, मधूनच पाऊस पडतो. हवा दमट झाली की कूलरची हवाच निघून जाते. पाणी उडत नाही, घर थंड होत नाही, वर सगळं चिकचिक. अकोल्यात पहिला पाऊस झाला की कूलर कसा कामातून जातो, तसंच! फरक एवढाच की इथे पाऊस येऊनही पारा चाळिशीच्या वरच राहतो.

त्यामुळे १९५०नंतर कूलरची जागा एसीने घेतली. आणि इथेच जुन्या घरांची गोची झाली. कूलरला उघडं घर लागतं, एसीला बंद. एकासाठी बांधलेल्या घरात दुसरा आणून बसवला. कित्येक घरांत तर कूलरसाठी टाकलेले डक्टच एसीला जोडून दिले!

माळ्यावरची भट्टी

मित्राच्या घरी नवी सिस्टीम बसवायचं काम सुरू होतं. कामगार पहाटे पाचला हजर. कारण छपराखालच्या माळ्यावर दुपारी तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातं, तिथे माणूस टिकत नाही. आणि गंमत बघा, अख्ख्या घराला गार हवा पुरवणारे डक्ट नेमके याच माळ्यावरून जातात. १३-१४ अंशांची हवा ६५ अंशांतून न्यायची... बर्फाचा गोळा तापल्या तव्यावरून सरकवत नेण्यासारखं!

त्यात डक्ट फुटके. अमेरिकन सरकारच्या ‘एनर्जी स्टार’ योजनेचा अंदाज असा की, साधारण घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीतून वाया जाते. म्हणजे वीजबिलाच्या प्रत्येक १०० डॉलरमधले काही डॉलर आपण माळ्यावरच्या घुशींना गार ठेवण्यासाठी भरतो!

म्हणून चांगला कॉन्ट्रॅक्टर आल्या आल्या मशीनचा कॅटलॉग उघडत नाही. तो आधी माळ्यावर चढतो. डक्टच्या सांध्यांना ‘मॅस्टिक’ नावाचा लगदा फासतो, माळ्यावर इन्सुलेशनचा जाड थर देतो, हवा परत मशीनकडे नेणारा रस्ता पुरेसा रुंद आहे का ते बघतो. जुन्या घरांत हा परतीचा रस्ता बहुधा अरुंदच असतो. मग मशीन दम लागल्यासारखं धापा टाकतं. शिवाय इलेक्ट्रिक पॅनेल. त्या काळच्या घरात फार तर एक फ्रिज आणि चार दिवे असायचे. आज पॅनेलच बदलावं लागू शकतं. आणि विलोसारख्या हेरिटेज वस्तीत घराच्या बाहेरच्या रूपाला हात लावायचा तर पालिकेच्या वारसा विभागाची मंजुरी हवी.

‘टन’ म्हणजे नक्की किती?

आपण दुकानात ‘दीड टनाचा द्या’ म्हणतो, तो टन आला कुठून? बर्फावरून. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक टन. ताशी १२,००० बीटीयू.

मित्राच्या घरात जुनं मशीन पाच टनांचं. नवं किती? हे ठरवण्यासाठी अमेरिकेत ‘मॅन्युअल जे’ नावाची हिशोबाची पद्धत आहे. भिंत कशाची, कुठल्या दिशेला किती काच, माळ्यावर इन्सुलेशन किती, गळती किती, सगळं मांडायचं. गळती बुजवल्यावर हिशोब आला चार टनांचा. ‘असू दे की मोठाच, वाळवंट आहे,’ असं वाटतं ना? पण गरजेपेक्षा मोठं मशीन खोली झटकन गार करतं, बंद पडतं, पुन्हा सुरू होतं. या चालू-बंदच्या खेळात हवेतला दमटपणा नीट जात नाही आणि कॉम्प्रेसर लवकर थकतो.

सहाच्या सुमारास क्रेन आली, जुना डबा छपरावरून खाली, नवा वर. हा नवा डबा म्हणजे हीट पंप. फिनिक्सला हिवाळाही असतो हं! डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो आणि इन्सुलेशन नसलेल्या ब्लॉकच्या भिंती तेव्हा बर्फाच्या लाद्या होतात. हीट पंपात एका व्हॉल्व्हने चक्र उलटं फिरतं : उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर, हिवाळ्यात बाहेरची आत. एकच मशीन, दोन्ही कामं. असं अख्खं काम १० हजार डॉलरच्या पुढे सहज जातं. हीट पंपावर २,००० डॉलरपर्यंतची केंद्रीय कर सवलत मिळायची, ती २०२५ संपताना बंद झाली.

मातीच्या भिंती काय म्हणतात?

फिनिक्सपासून गाडीने पावणेदोन तासांवर टुसॉन. तिथल्या ‘बारिओ विएहो’ या जुन्या मोहल्ल्यात एकोणिसाव्या शतकातली कच्च्या विटांची घरं आहेत. निळी, जांभळी, पिवळी, रस्त्याला खेटून उभी. (या मोहल्ल्याचा मोठा भाग १९६०च्या दशकाच्या अखेरीस नवीन बांधकामांसाठी पाडला गेला. उरलं ते जपलं जातंय.) दीड-दोन फुटी मातीच्या भिंती, उंच छत, मधोमध बोळ. दिवसभराचं ऊन भिंत पोटात घेते, आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते.

अशा घरात माळाच नाही, तर डक्ट घालणार कुठून? म्हणून इथे भिंतीवरचे छोटे डक्टलेस युनिट जास्त सोयीचे. पण एसीतून ठिबकणारं पाणी भिंतीच्या पायाशी सोडलं तर संपलं! मातीची भिंत ऊन सोसते, पाणी नाही. तो एक पाइप भिंतीपासून लांब नेणं हे इथलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम.

आणि बंद पडला तर?

इथे गंमत संपते. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. १९ जुलैच्या रात्री तो ३६च्या खालीच उतरला नाही. त्या वर्षी फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने ६४५ माणसं दगावली. त्यातली बरीच बेघर होती. पण जी घरात गेली, त्यातल्या बहुतेकांच्या घरी एसी होता. फक्त तो चालू नव्हता. कुणाचा बिघडलेला, कुणाची वीज तोडलेली, कुणी बिलाच्या धास्तीने बंद ठेवलेला. फिनिक्सच्या नियमानुसार भाड्याच्या घरात एसी असेल तर तापमान २८ अंशांच्या आत राहील हे बघणं घरमालकाचं काम आहे, कूलर असेल तर ३० अंशांच्या आत. तेवढं हे शहर मशीनवर जगतं.

याचं कारण घरांतच आहे. फटी बुजवलेलं, खिडक्या कायमच्या बंद झालेलं, छपराला सावली नसलेलं घर मशीन थांबताच भट्टी होतं. स्लीपिंग पोर्च? त्याची तर केव्हाच बेडरूम झाली. म्हणूनच माळ्यावरचं इन्सुलेशन, पश्चिमेच्या भिंतीवर सावली, उघडता येणारी एक तरी खिडकी हे नुसते बिल वाचवायचे उपाय नाहीत. वीज गेल्यावर मदत पोचेपर्यंतचे तास ते मिळवून देतात. मित्राने पश्चिमेला मेस्कीटची दोन झाडं लावली, मागचा व्हरांडा तसाच ठेवला. काकू खूश!

आता जरा आपल्याकडे बघा. नागपूर असो की पुणे, मे महिना आला की आपण दुकानात जातो, ऑफर बघतो आणि दीड टन घरी आणतो. वरची गच्ची तापते का, दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येतं, खिडकीला छज्जा आहे का, हे प्रश्न कुणी विचारतच नाही. फिनिक्समधले शहाणे कॉन्ट्रॅक्टर आज जे करतात ते फार हायफाय नाही : आधी सावली, मग गळती, मग इन्सुलेशन आणि सगळ्यात शेवटी मशीन. आपण हा क्रम बरोब्बर उलटा लावलाय. येत्या मेमध्ये ईएमआयच्या फॉर्मवर सही करण्याआधी दुपारी चार वाजता एकदा पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. आधी कुठल्या कामाला हात घालायचा, ते तीच सांगेल.