पाळण्याखालच्या बरण्या

‘‘उद्यापासून बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत हं!’’

फिनिक्सच्या एअरपोर्टवरून गाडीत बसल्या बसल्या ताईनं दिलेली ही पहिली सूचना. वर्षभरानं भेटत होतो. मला वाटलं होतं, म्हणेल किती बारीक झालीस! पण नाही. बूट झटक, टॉवेल झटक, अंधारात अनवाणी फिरू नकोस.

२०२३ चा जुलै महिना. ताईची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. आई मे महिन्यातच तिकडे पोचली होती, मी महिनाभरासाठी मागून गेले. ॲरिझोना म्हणजे माझ्या डोक्यात काऊबॉय, निवडुंग आणि भन्नाट फोटो. प्रत्यक्षात त्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर होता. म्हणजे आपले ४३ अंश! दिवसा बाहेर पडायची सोयच नाही. घर मात्र एकदम हाय-फाय. स्टुकोच्या भिंती, मागे अंगण, संत्र्याचं झाड, चारी बाजूंनी सिमेंटच्या पोकळ ब्लॉक्सचं कुंपण. दहा वर्षांपूर्वी तिथे नुसतं वाळवंट होतं, असं जिजू अभिमानानं सांगत होते. जे तिथे आधीपासून राहत होते ते कुठे गेले, हे विचारायचं मला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर मिळालं. बाथटबमध्ये. मळकट पिवळा, बोटाएवढा, नांगी एका बाजूला आडवी टाकून बसलेला विंचू. पाण्याच्या शोधात ते येतात, टबमध्ये पडतात आणि गुळगुळीत कडांवरून त्यांना वर चढता येत नाही. जिजूंनी लांब चिमटा आणला आणि विषय संपवला. मला तर, खोटं कशाला बोलू, थोडं थ्रिलिंगच वाटलं. मी फोटोसुद्धा काढला.

आई मात्र ओरडली नाही, काही नाही. तिनं बाळाला उचललं आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. दुपारी तशीच. रात्रीही तशीच.

‘‘आई, कमॉन,’’ मी म्हटलं, ‘‘मी सगळं वाचलंय. ॲरिझोनात विंचवाच्या चाळीसहून जास्त जाती आहेत, त्यातली ही एकच खरी डेंजरस. आणि हिनंसुद्धा मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. दुखतं, मुंग्या येतात, बस.’’

‘‘आणि लहान मुलाला?’’

लहान मुलांचं मी वाचलं होतं. डोळे गरगर फिरतात, लाळ गळते, हातपाय झटके देतात, श्वास अडकतो. मी गप्प बसले.

ताईनं मला किचनमध्ये ओढलं. ‘‘अगं, मामाचं विसरलीस का?’’

विसरले नव्हते, खरं तर कधी नीट ऐकलंच नव्हतं. आईचा धाकटा भाऊ ‘लहानपणीच गेला’ एवढंच माहीत. फोटोही नाही एकही. त्या रात्री आईनं सांगितलं. महाडजवळचं आजोळ, १९७१ चा पावसाळा, मामा सहा वर्षांचा. लाकडं काढायला पडवीत हात घातला. विंचू उतरवणाऱ्याला बोलावलं, त्यानं मंत्र म्हटले, पाला चोळला. पोरगं घामानं निथळत होतं आणि हातपाय बर्फासारखे थंड. मग उलट्या, मग धाप. पहाटे गेला. ‘‘मी त्याचे पाय चोळत होते,’’ आई म्हणाली. तेव्हा ती दहा वर्षांची होती.

यानंतर ‘कमॉन’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा फवारणीवाला आला. कॉलेजमधला वाटावा असा पोरगा, प्रामाणिक. औषधानं झुरळं आणि रातकिडे मरतात, म्हणजे विंचवाचं जेवण कमी होतं. विंचू स्वतः सहजासहजी मरत नाही, असं त्यानं सांगितलं. उपास तर तो कित्येक महिने काढू शकतो. ‘‘मग हा पैसे कशाचे घेतो?’’ आईनं मराठीत विचारलं. ताईनं भाषांतर केलं नाही.

जाता जाता त्यानं एक कामाची गोष्ट सांगितली. रात्री अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेऊन अंगणात जा, मग कळेल कुठून येतात. विंचवाच्या कातडीत अशी काही द्रव्यं असतात की त्या जांभळ्या प्रकाशात तो हिरवट चमकतो. (नुकतीच कात टाकलेला चमकत नाही, तेवढं लक्षात ठेवायचं!)

रात्री नऊला आम्ही निघालो. जिजू पुढे, मी मागे, आणि... आई! बाळाला ताईकडे देऊन, पायात जिजूंचे बूट घालून. टॉर्च लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. कुंपणाच्या भिंतीवर हिरवे ठिपके. संत्र्याच्या खोडावर एक. बार्क स्कॉर्पियन म्हणतात ते उगाच नाही. बाकीचे विंचू जमिनीत बिळं करतात, हा चढतो. फळकुटाच्या खालच्या बाजूला उलटा चिकटून बसतो, म्हणून कुठलीही वस्तू उचलताना बोटं खाली घालायची नाहीत. आम्ही अकरा मोजले. एका मादीच्या पाठीवर पांढरी पिल्लं गच्च बसली होती. पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवरच राहतात.

‘‘विंचवाचं बिऱ्हाड,’’ आई पुटपुटली. म्हण लहानपणापासून ऐकलेली, पण बिऱ्हाड प्रत्यक्ष आम्ही दोघींनी पहिल्यांदाच पाहिलं. जिजूंनी चिमटा पुढे केला, तेव्हा तिनं मान फिरवली. ‘थांबा’ मात्र म्हणाली नाही.

पुढचा आठवडा आम्ही घर बुजवत होतो. क्रेडिट कार्ड जाईल एवढी फट या विंचवाला पुरते, असं तिथे सगळे सांगतात. आईनं खरोखरच जिजूंचं कार्ड मागून घेतलं आणि दारोदार फिरवलं! गॅरेजच्या दाराच्या कोपऱ्यात ते आरपार गेलं. दारांखाली नव्या रबरी पट्ट्या, पाइप भिंतीत शिरतात तिथे सीलंट, खिडक्यांच्या जाळ्या नव्या. भिंतीच्या तळाशी स्टुको संपतो तिथे ओल बाहेर पडायची फट असते, ती मात्र बुजवायची नाही, नाहीतर भिंतीत दमट धरतो. तिथे बारीक जाळी ठोकली. अंगणातल्या फरशा, लाकडं, पुठ्ठ्याची खोकी, सगळं हललं. आई सुपरवायझर. ‘‘जावईबापू, तिथे बोट जातंय बघा.’’

बाळाचा पाळणा भिंतीपासून लांब घेतला, चादर जमिनीला टेकणार नाही अशी खोचली. हा छतावरूनही चालतो, म्हणून वर रोज टॉर्च. आणि पाळण्याचे चारही पाय काचेच्या बरण्यांत उभे केले, कारण काचेवर त्याला चढता येत नाही. बरण्या लोणच्याच्या, इंडियन स्टोअरमधल्या. हॉलमध्ये मात्र कैरीचा वास आठवडाभर!

औषधाचं विचारलं तर जिजूंनी सांगितलं, आहे. मेक्सिकोत बनणाऱ्या प्रतिविषाला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. २०१२ मध्ये तिथल्या एका बाईला दोन डोसांचं बिल ८३ हजार डॉलर्स आलं, त्याची बातमीही झाली होती. आईला डॉलरशी देणंघेणं नव्हतं. ‘‘पण आहे ना? मिळतं ना?’’ तिनं दोनदा विचारलं. हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे, हे पाठ केलं.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही दोघीच मागच्या पायरीवर बसलो होतो. मी तिला डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल सांगत होते. महाडचेच डॉक्टर. कोकणातल्या लाल विंचवाच्या विषानं हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी होतं, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपलं. रक्तदाबावरचं प्रॅझोसिन वापरायला लागले आणि माणसं वाचायला लागली. त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. २०२२ मध्ये पद्मश्री.

‘‘किती साली छापून आलं?’’

‘‘ब्याऐंशी.’’

ती बोटांवर मोजत बसली. गॅरेजच्या दिव्याभोवती किडे फिरत होते.

‘‘अकरा वर्षं,’’ ती म्हणाली. मग टॉर्च घेऊन उठली. भिंतीवर दोनच ठिपके दिसले, तेही लांब, शेजाऱ्यांच्या बाजूला.

‘‘चल, आत चल. त्या बरण्या पुसायच्या राहिल्यात. धूळ बसली की पाय रोवतील मेले.’’