जागेची स्मृती

पहाटेच्या अंधारातही स्वयंपाकघरात हात मिठाच्या बरणीपर्यंत अचूक पोहोचतो. कारण बरणीची जागा ठरलेली असते. वापराचा हिशेब ठेवून कुणी फळीवरच्या बरण्या रोज मागेपुढे करू लागले, तर त्याला सोय म्हणता येईल काय?

मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस २०००’मध्ये काहीसे असेच घडले. मेनू उघडताच नेहमी वापरल्या जाणाऱ्या आज्ञा तेवढ्या दिसत. उरलेल्या दडलेल्या असत. तळाच्या दुहेरी बाणावर टिचकी मारली की पूर्ण यादी उलगडे, आणि दडलेल्या आज्ञा मधेमधे शिरल्याने ओळखीच्या आज्ञाही जागा सोडून खाली सरकत.

हेतू तर्कशुद्ध होता: पर्याय कमी, तर निवड झटपट. परंतु १९५२ साली विल्यम हिक यांनी मांडलेला नियम वेगळेच सुचवतो. निवडीचा वेळ पर्यायांच्या संख्येच्या लॉगरिदमच्या प्रमाणात वाढतो. पर्याय दुप्पट झाले, तरी वेळात थोडीच भर पडते. मात्र ही सवलत जागा ठाऊक असणाऱ्यालाच मिळते. जागा बदलली की यादी ओळीओळीने वाचावी लागते आणि वेळ तिच्या लांबीबरोबर सरळ वाढत जातो.

२००४ साली लिआ फिन्डलेटर आणि जोॲना मॅकग्रेनेर यांनी प्रयोगाने हे तपासले. स्वतःहून बदलणाऱ्या मेनूपेक्षा स्थिर मेनू वेगवान ठरला. बहुसंख्यांची पसंती मात्र स्वतः रचता येणाऱ्या मेनूला मिळाली. बदल नकोसा नव्हता, तो परस्पर झालेला नकोसा होता.

भारतीय लिप्यांच्या इनस्क्रिप्ट कळफलकामागे हीच जाण आहे. देवनागरी असो, बांगला असो वा मल्याळम, ‘क’ त्याच कळीवर सापडतो. एकदा शिकलेले बोट दुसऱ्या लिपीतही वाट चुकत नाही.

आज वीजबिल, रेल्वेचे तिकीट, बँकेचा व्यवहार सारे मोबाइलच्या पडद्यावर आले आहे. ज्यांना पडद्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत, ती माणसे ‘दुसऱ्या ओळीतला तिसरा चौकोन’ एवढेच लक्षात ठेवून व्यवहार करतात. त्यांच्यासाठी जागा हीच लिपी असते. तो चौकोन न विचारता हलवणे म्हणजे कष्टाने साक्षर झालेल्या माणसाला एका रात्रीत पुन्हा निरक्षर करणे होय.